ज्याची त्याची सोंगटी

आमच्या रविवारच्या बुद्धिबळ मंडळाचे किस्से मी काही मुद्दाम जमवले नाहीत. चार माणसं वर्षानुवर्षं दर आठवड्याला एकमेकांवर कुरघोडी करत बसली की किस्से आपोआप साचतात, स्वयंपाकघरातल्या खणात प्लास्टिकच्या पिशव्या साचतात तसे. परवा एका मैत्रिणीला त्यातला एक सांगायला गेले, तर मागोमाग सगळेच बाहेर आले. सुरुवात मी हसत हसत केली होती. शेवटच्या किश्श्यापर्यंत पोचेतो हसू टिकलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

मंडळ म्हणजे आम्ही चौघं. पाठक सरकारी बँकेत अधिकारी, बदलीवर कोलकात्याला आले आणि सॉल्ट लेकला राहिले. बैठक त्यांच्याकडेच, कारण सुनीतावहिनींचे पोहे. देवधरकाका खिदिरपूरच्या डॉकवर कस्टम्समधे तीस वर्षं काढून निवृत्त झालेले, काकू गेल्यापासून डमडमच्या फ्लॅटमधे एकटे. शुभंकरदा पाठकांचे शेजारी, कॉलेजात गणित शिकवलेले, मराठीचा एक शब्द येत नाही पण पोहे बरोबर ओळखतात. आणि चौथी मी, मुक्ता. सेक्टर फाइव्हमधे सॉफ्टवेअर लिहिते. बुद्धिबळात कच्ची आहे, म्हणून मंडळात माझं काम मुख्यतः हरण्याचं.

लॉकडाउनमधे बैठक बंद पडली तेव्हा मी म्हटलं, ऑनलाइन खेळू, शंभर ॲप्स आहेत. पण या मंडळींना जगातलं एकही तयार ॲप चालेना. काका देशी पद्धतीनेच खेळणार. प्यादं पहिल्या चालीतसुद्धा एकच घर पुढे, आणि राजाला शह बसण्याआधी एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा. पाठकांना दहा पट्ट्यांचा पट हवा, त्यात दोन जादा सोंगट्या, त्यांनी स्वतः शोधलेल्या. शुभंकरदा दोन्ही खेळायला तयार, फक्त सगळं बांगलात दिसलं पाहिजे.

शेवटी मीच एक साइट लिहिली. आठवडाभर ऑफिसचं काम बाजूला सारून लिहिली, त्यामुळे मला तिचा फार अभिमान होता. चित्रं काढता येत नाहीत म्हणून पटावर घोड्याचं तोंड वगैरे काही नाही. नुसत्या गोल चकत्या, आणि त्यांवर सोंगटीचं नाव.

*

पहिल्याच दिवशी नावांवरून भांडण. मराठीत कोपऱ्यात हत्ती असतो आणि वजिराशेजारी उंट. बांगलात कोपऱ्यात चक्क नौका असते, आणि हत्ती तिरका चालतो! काका आणि शुभंकरदा साइटवर आपापला वेगळा पट उघडून फोनवर एकमेकांना चाली सांगत पाऊण तास खेळले, आणि मग लक्षात आलं की दोघांचे दोन वेगळे डाव चालू आहेत. दोघंही जिंकत होते.

हत्ती तिरका चालूच शकत नाही, असं पाठकांचं म्हणणं. शुभंकरदा म्हणाले, कोपऱ्यात हत्ती बांधून ठेवणं हाच मुळात अन्याय आहे. काकांनी मात्र नौका लगेच मान्य केली. तीस वर्षं डॉकवर जहाजं पाहिली, ती अशीच असतात म्हणाले, सरळ येतात, सरळ जातात आणि बाकीचा वेळ कोपऱ्यात उभी.

मग मी एक सेटिंग केलं. ज्याने त्याने आपल्या सोंगट्यांना हवं ते नाव द्यावं. आपल्या पटावर आपली नावं दिसतील, समोरच्याच्या पटावर त्याची, आणि चालींची नोंदही ज्याची त्याला त्याच्या नावांत. एवढं सोपं होतं, पण त्या दिवशी मला दिल्ली जिंकल्यासारखं वाटलं.

*

त्या सेटिंगमधे मी एक आळशीपणा केला होता. नावाला दोनच अक्षरांची जागा. इंग्रजीत एका अक्षरात भागतं, मराठीला उदारपणे दोन दिली, असा माझा हिशोब. कॉम्प्युटरला मात्र आपला प, त्याचा पाय मोडणारी खूण, य आणि काना हे चार वेगळे ऐवज वाटतात. पाठकांनी 'प्या' लिहिलं आणि पटावर आठच्या आठ लंगडे प उभे राहिले.

पाठकांनी फोन केला नाही. मेल केला, बँकेच्या शिस्तीत. विषय: प्याद्यांचा अंगभंग. संदर्भ: आपली साइट. मजकुरात चार मुद्दे, शेवटी 'योग्य ती कार्यवाही व्हावी', आणि प्रत माहितीसाठी काकांना. तीन दिवसांनी स्मरणपत्र. पाचव्या दिवशी दुसरं स्मरणपत्र, त्यात 'खेदाने नमूद करावे लागते' हे शब्द. मी वैतागून जागा चार अक्षरांची केली.

तक्रार करणाऱ्याचं काम आधी होतं हे मी तेव्हाच शिकले. ते शिकले नसते तर बरं झालं असतं.

*

पाठकांना चार अक्षरं मिळाली आणि त्यांच्या अंगात आलं. उंटाला 'ऑडि' केलं, ऑडिटर तिरकाच येतो म्हणून. वजिराला प्रेमाने 'सुनी' हे बायकोचं नाव दिलं. सुनीतावहिनींनाही ते आवडलं होतं, पटावरची सगळ्यात ताकदवान सोंगटी म्हटल्यावर कोणाला नाही आवडणार?

पुढच्या रविवारी पाठकांनी शुभंकरदांविरुद्ध एक झकास डाव मारला आणि कौतुकाने नोंद बायकोला वाचायला दिली. अठराव्या चालीला लिहिलं होतं: सुनी दिली, प्यादं घेतलं. हा वजिराचा बळी होता, त्यामुळेच पुढे मात झाली, हे पाठक परोपरीने समजावत राहिले. त्या आठवड्यात त्यांच्या डब्यात चार दिवस कोरडी मुडी, म्हणजे आपले चुरमुरे, होती. पाचव्या दिवशी त्यांनी मला गुपचूप विचारलं, जुन्या नोंदींमधली नावं बदलता येतात का.

*

काकांची मागणी वेगळीच होती. त्यांना अख्खी नावं हवी होती. बैठक पुन्हा भरायला लागल्यावर एका रविवारी निघताना मला बाजूला घेऊन संकोचून म्हणाले, "अगं, दोन-चार अक्षरांत माझं भागत नाही. पण घाई नाही हो. तुला सवड होईल तेव्हा."

मी म्हटलं, पुढच्या रविवारी करते. चार महिने मी दर रविवारी तेच म्हटलं. काका एकदाही चिडले नाहीत, स्मरणपत्र तर नाहीच. अर्ध्या तासाचं काम होतं. ते मी एका रिकाम्या दुपारी केलं, तेव्हा त्यांनी डोळ्यात पाणी आणून आभार मानले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नावं का हवीत ते तेव्हा कळलं. काकांचे थोरले भाऊ नाना सांगलीला. लहानपणी दोघं भाऊ घरातल्या माणसांची नावं सोंगट्यांना देऊन खेळायचे. राजा म्हणजे अप्पा, त्यांचे वडील. एका वेळी एक घर हलणार, आणि सगळ्यांनी त्यांना सांभाळायचं. वजीर म्हणजे आई, तिला सगळीकडे धावावं लागतं. हत्ती म्हणजे आत्या, बोलायला सरळसोट. उंट म्हणजे शिकवणीचे मास्तर, ते तिरकेच. घोडा म्हणजे विमा, मधली बहीण, परसातली भिंत उडी मारून ओलांडायची आणि कृष्णेवर पोहायला जायची. आणि प्यादी म्हणजे 'आम्ही'. काका म्हणाले, आम्हाला पुढेच ढकलायचे, मागे यायची सोय नव्हती.

काका नोकरीला कोलकात्याला आले तेव्हापासून दोघं पोस्टकार्डावर खेळत आले. 'विमा, घ पाच. इकडे सर्व ठीक.' एवढंच पत्र, म्हणजे घोडा घ पट्टीच्या पाचव्या घरात.

*

तर नाना आमच्या साइटवर आले. त्यांना कानाने अजिबात ऐकू येत नसे, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. हातही थरथरायचे. त्यांच्या पुण्याच्या मुलीने टॅब आणून दिला, तो नानांच्या पत्नी, म्हणजे काकांच्या वहिनी, चालवायच्या. आलेली चाल नानांना पाटीवर लिहून दाखवायची आणि ते सांगतील ती सोंगटी बोटाने सरकवायची. त्या वहिनींची काका फार थट्टा करायचे. त्यांना बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही, लग्नाला पन्नास वर्षं झाली तरी घोडा अडीच घरं कशी चालतो हे त्या विचारतात, वगैरे.

आठवड्याला दोन-तीन चाली व्हायच्या. रविवारी आम्ही नानांची तब्येत विचारली की काका सरळ टॅब पुढे करायचे. "ही कालची चाल बघ. माझा मास्तर कोंडून ठेवलाय. नाना ठणठणीत आहेत."

पाठक म्हणायचे, एकदा जाऊन भेटून या. काका म्हणायचे, गुडघे दुखतात, दोन रात्रींचा प्रवास, या थंडीत नको, पुढच्या थंडीत जातो. अशा दोन थंड्या गेल्या. मीही कधी जोर केला नाही. उलट एकदा म्हटलं, दर आठवड्याला भेट होतेच की तुमची माझ्या साइटवर. केवढी ऐट होती त्या 'माझ्या'त!

फक्त शुभंकरदांना काहीतरी वेगळं दिसलं होतं. ते काकांच्या खांद्यावरून डाव बघत बसायचे. एकदा म्हणाले, "देवधरबाबू, आपका दादा का खेला बदल गिया. पहले मारता था. अभी बैठके देखता है, फिर मारता है." काका म्हणाले, वय झालं. शुभंकरदा म्हणाले, नहीं, अभी जादा अच्छा खेलता है. त्यावर आम्ही सगळे हसलो आणि पोहे आले.

*

आता माझा किस्सा. हा मी चारचौघात सांगत नाही.

साइट मला नव्या सर्व्हरवर हलवायची होती. सगळ्यांच्या नावांचा तो पसारा बरोबर नेणं कटकटीचं होतं, म्हणून मी सगळं पुसून सोंगट्या डिफॉल्टवर आणल्या. इंग्रजी अक्षरं. के, क्यू, आर. ग्रुपवर एक ओळ टाकली की ज्याने त्याने आपली नावं पुन्हा भरावीत. ओळही इंग्रजीत, ऑफिसच्या सवयीने.

तासाभरात पाठकांचा मेल. विषय: नामांतराबाबत तीव्र निषेध. मी हसले आणि दहा मिनिटांत त्यांची सगळी नावं परत घालून दिली. शुभंकरदांनी आपली आपण भरली. काका त्या आठवड्यात गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात होते. सांगलीचं तर मला आठवलंसुद्धा नाही. तक्रार आली नाही, म्हणजे सगळं ठीक असणार!

तीन आठवड्यांनी मी डमडमला काकांना भेटायला गेले. त्याआधी जायला हवं होतं, पण ऑफिसात नव्या आवृत्तीचं रिलीज होतं, रविवारीही काम होतं, कारणांना काय तोटा. काका पलंगावर, पाय उशीवर, टॅब पोटावर. चेहरा उतरलेला. मला वाटलं गुडघा दुखतोय.

म्हणाले, "नाना माझ्यावर रुसलेत. हॉस्पिटलात जायच्या आधी चाल केली, तिला उत्तर नाही. ऑपरेशन कसं झालं हेसुद्धा विचारलं नाही."

मी टॅब हातात घेतला. पटावर सगळीकडे इंग्रजी अक्षरं. अप्पा नाहीत, आई नाही, विमा नाही. मी विचारलं, काका, नावं गेली हे मला सांगितलं का नाही? तर म्हणाले, "मला वाटलं, तू काहीतरी विचार करूनच केलं असशील. शिवाय तू कामात असतेस."

तिथेच बसून मी त्यांची नावं भरली, मग सांगलीच्या खात्यातली भरली. बारा मिनिटं लागली. वहिनींना फोन करा म्हटलं तर मानी माणूस, तयार होईना. नाना मोठे आहेत, त्यांनी आधी विचारायला हवं, म्हणाले. मी म्हटलं, बरं, आता नावं आली आहेत, चाल येईल बघा.

हा रविवार. मंगळवारी पुण्याहून पुतणीचा फोन आला. नाना गेले.

काकांना डॉक्टरांनी प्रवास करू दिला नाही. मी कबूल केलं, चूक माझी होती, नाना रुसले नव्हते, त्यांना पट वाचता आला नसणार. दोनदा सांगितलं. काका मान हलवायचे, आणि जो येईल त्याला पुन्हा तेच सांगायचे, की शेवटचे तीन आठवडे माझा भाऊ माझ्याशी बोलला नाही. मी समोर खुर्चीत बसलेली असायचे. कोणी मला काही बोललं नाही. बोललं असतं तर बरं वाटलं असतं.

*

दीड महिन्याने काका काठी घेऊन चालायला लागले. पाठकांच्या जिन्याचा त्रास नको म्हणून मंडळ एका रविवारी सकाळी डमडमलाच भरवलं. सुनीतावहिनींनी पोहे डब्यातून पाठवले होते. कोणी पट मांडला नाही. थोड्या वेळाने काकांनी टॅब माझ्याकडे सरकवला. नाना गेल्यापासून त्यांनी साइट उघडलीच नव्हती.

म्हणाले, "मुक्ता, तो डाव बंद करून टाक. मला बघवत नाही."

मी उघडला. आधी मला वाटलं मीच पुन्हा काहीतरी घोळ घातला. काकांच्या चालीखाली सांगलीची चाल आलेली होती. आदल्या दिवशी संध्याकाळची. 'विमा, च सहा. शह.'

मी टॅब काकांना दाखवला. पाठक म्हणाले, पुतणीचा हात लागला असेल चुकून. शुभंकरदांनी चष्मा लावून पट बघितला, बराच वेळ बघितला, आणि हळूच म्हणाले, "भूल नहीं है. बहुत सुंदर चाल है."

काकांनी सांगलीला फोन लावला. आम्हालाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर ठेवला.

"वहिनी, नानांच्या डावात चाल कोणी केली?"

"मीच केली. सुतक फिटलं, पाहुणे गेले, आणि काल टॅब उघडला, तर सगळ्यांची नावं परत आलेली दिसली."

"तुम्हाला कुठे येतं खेळायला?"

पलीकडे भांड्यांचा आवाज येत होता. तो थांबला.

"दोन वर्षं मीच खेळतेय, भाऊजी. ते मला ओळखत नव्हते, कुणालाच ओळखत नव्हते. पाटी पुढे धरली की नुसते हसायचे. तुम्हाला कळवलं असतं तर तुम्ही तशा गुडघ्यांनी धावत आला असता. मग त्यांच्या जुन्या वह्या काढल्या आणि शिकले."

काकांनी टॅब जवळ ओढून घेतला.

"मधे सगळ्यांवर इंग्रजी आलं, ते मला लागेना. आणि इथे ह्यांचं तसं चाललेलं. त्याने तुमची चाल राहिली, राग मानू नका," वहिनी म्हणाल्या. मग म्हणाल्या, "अप्पांना शह आहे, भाऊजी. आधी त्यांना हलवा."